एकटीचं वऱ्हाड

खोली बघायला कुणी आलं की घरमालकीण त्याचं तोंड बघते, गाव विचारते, घरात कोण कोण ते काढून घेते. अक्काने माझे बूट बघितले. मला दोंडाईच्याच्या शाळेत पीटीची बाई म्हणून नोकरी लागली होती आणि वडिलांना सोबत घेऊन मी दीपनगरहून आले होते. स्टेशनपासून विचारत विचारत आम्ही तिच्या ओट्यापाशी पोचलो. अक्का खाली वाकली, माझे पांढरे बूट नीट न्याहाळले आणि म्हणाली, "पयस का वं?"

पळतेस का, असं विचारत होती. आमच्या भुसावळकडची बोली निराळी, म्हणून मला कळायला जरा वेळ लागला. मी म्हटलं, "आधी पळायचे. आता पोरांना पळवणार."

"मंग ऱ्हाय," ती म्हणाली. झाली मुलाखत.

वडील सवयीने "जय भीम" म्हणाले, तशी ती "जय भीम भाऊ, पानी ल्या" म्हणून तांब्या आणायला आत गेली. वडिलांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी आधीच्या दोन घरांत आमचं आडनाव ऐकल्याबरोबर रिकामी खोली एकाएकी भरली होती. अक्काने आडनाव विचारलंच नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी माझ्या नावाचं पाकीट आलं तेव्हा तिला ते कळलं, आणि तेव्हाही ती एवढंच म्हणाली की पाकिटाला तेलाचा डाग पडलाय, तो तिच्या हातचा नव्हे, पोस्टमनचा.

पाणी देऊन ती वळली तेव्हा तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. काठापदराची साडी, कपाळावर हे एवढं कुंकू, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेतली पोरं घालतात तसले, नाडीचे. दर रविवारी ती ते धुऊन, वर ओला खडू फासून ओट्यावर उन्हात ठेवायची. गल्लीतल्या सुनांनी हसून घेतलं, सासरच्यांनी एके काळी बोलून घेतलं, पण बूट काही सुटले नाहीत. लग्नाला जाताना तेच, देवळात जाताना तेच. देवळाबाहेर काढून ठेवायची तेव्हा ते नेमके डावा-उजवा जुळवून, एका रेषेत.

अक्काचा मिरची कुटायचा डंक होता. दोंडाईचा म्हणजे मिरचीचं गाव. पथारींवर मैलभर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि परका माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या शिंकतो. अक्काच्या डंकात लोखंडी मुसळं धाड धाड आपटत, हवेत लाल धूळ, गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल बांधून डोळे पुसत उभी. अक्का मात्र पदरसुद्धा नाकाला लावायची नाही. ती कधी शिंकलेली मी पाहिली नाही. माणसाची पारख ती त्याच्या शिंकेवरून करायची. तोंड दाबून शिंकणारा माणूस पोटात काहीतरी ठेवतो, असं तिचं ठाम मत. मी मोकळी शिंकले म्हणून तिच्या मर्जीत बसले. देठ न काढता मिरची आणणाऱ्याची मात्र खैर नसे. तालेवार घरच्या बाईलाही ती तिथेच पाट देऊन बसवायची, "काढ देठ, मी चहा टाकस."

मी स्वतः काही गरीब गाय नव्हे. शाळेत पोरं मला टरकून असत आणि हेडसरसुद्धा माझ्याशी बोलताना जरा लांबच उभे राहत. पण अक्कापुढे माझी शिट्टी कधी वाजली नाही.

तिला एका शब्दाचा भयंकर राग होता. एकटं. कुणी एकटं दिसलं की तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची. मी खोलीत एकटी जेवायला बसले की खालून हाक यायची, "मास्तरीन, ताट लई खाले ये!" जाऊन बघावं तर तिचं स्वतःचं जेवण झालेलं. नुसती समोर बसायची आणि माझ्या पोळ्यांना नावं ठेवायची. एसटी स्टँडवर एखादी बाई एकटी दिसली की ही तिची गाडी येईपर्यंत तिथे ठाण मांडणार. त्या बाईला वाटायचं, ही चोर तर नाही? गल्लीत कुणाच्या मयताला माणसं कमी पडताहेत असं कानावर आलं की डंक बंद करून स्वतः निघायची आणि आम्हा भाडेकरूंना घरातून हुसकून काढायची. आणि लग्न असलं तर विचारायलाच नको. गरिबाच्या घरचा नवरदेव चार माणसं घेऊन निघालेला तिला बघवायचा नाही. आमच्या गल्लीची रीतच होऊन गेली होती. वऱ्हाड लहान असलं की गल्ली उठायची. ओळख असो-नसो, चांगले कपडे करायचे, टॉवेल-टोपी घालायची आणि वऱ्हाडात चालायला लागायचं. जेवणाला थांबायचं नाही, हा अक्काचा दंडक. नवरदेवाला मांडवापर्यंत पोचवलं की परत.

आणि गंमत म्हणजे ही बाई स्वतः एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी एकदा तोंड उघडलंच, "अक्का, तू तरी कुठे कुणाबरोबर राहतेस?" तर म्हणाली, "मी एकली कथी शे? एवढा डंक बोंबली ऱ्हायना ना!"

आता बेटाची गोष्ट.

डंकाच्या कोपऱ्यात एक टीव्ही होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. तरी मिरचीची धूळ आत जायचीच, त्यामुळे तिच्या टीव्हीवर जगातले सगळे झेंडे थोडे लालसर दिसायचे. जगातल्या मोठ्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की उद्घाटनाच्या संचलनाच्या दिवशी डंक बंद. गिऱ्हाइकाने कितीही गयावया करावी. खेळ बघायला ती फारशी उत्सुक नसायची, मला वाटलं होतं तशी नाही. तिला बघायचं असायचं ते संचलन. देशामागून देश चालत येतात, ते. आणि तेही ती उभं राहून बघायची.

मोठे देश आले की ती हात मागे बांधून पोलिसासारखी उभी. शे-दोनशे खेळाडू, हसताहेत, फोनवर फोटो काढताहेत. अक्का ढिम्म. आपला देश आला की गल्लीतली पोरं नाचायची, ती टाळ्या वाजवायची, पण बेताने. "भारतले बठ्ठा देश शे टाळ्या वाजाडाले," ती म्हणायची. बठ्ठा म्हणजे अख्खा.

मग एकदा ते बेट आलं. पुढे पाटी धरलेली मुलगी, मागे झेंडा घेतलेला एक दांडगा गडी, त्याच्यामागे एक बाई आणि कोटातले एक म्हातारे गृहस्थ. संपला देश. आम्ही नाव वाचेपर्यंत कॅमेरा पुढच्या देशाकडे वळला.

"अरे थांब ना मेल्या!" अक्का टीव्हीवर ओरडली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तीन माणसेस्नं वऱ्हाड! आनि तुम्ही बठी ऱ्हायनात? उठा बठ्ठा!"

आम्ही उठलो. काय करणार? मी, दोन भाडेकरू आणि समोरच्या घरातले नाना. नाना रेल्वेतून रिटायर झालेले, अक्काशी दिवसातून दोनदा भांडल्याशिवाय त्यांना अन्न पचायचं नाही. तेही कुरकुरत उठले. बेट केव्हाच पडद्यावरून गेलं होतं आणि आम्ही पाच जण एका भलत्याच देशासाठी टाळ्या वाजवत उभे. त्या दिवसापासून ते बेट गल्लीचं झालं. त्याचं नाव अक्काच्या जिभेवर कधी बसलं नाही, बसवायची तिला गरजही वाटली नाही. ती त्याला "आपलं बेट" म्हणायची, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, माझ्या पीटीच्या खोलीत, कॅनव्हासचे बूट वाजवत. जगाचा नकाशा दाखव म्हणाली. मी भिंग घेऊन शोधून दिलं. सगळीकडे निळं पाणी आणि त्यात माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका. बराच वेळ ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. तिथले लोक काय खातात, मिरची पिकते का, पूर आला तर कुठे जातात, असं काय काय विचारलं. मला काय माहीत? मी जरा वैतागूनच म्हटलं, "अक्का, मला आठवीचा तास आहे." तर म्हणाली, "एवढा पानीमा एवढंसं! आनि तठून निंघी उनात ती! तू धुळ्याले जावाले कुरकुर करस."

हे मात्र खरं होतं.

त्या स्पर्धेत बेटाचा गडी पळाला. माझ्या फोनवर निकाल बघून मी अक्काला सांगितलं, "आठवा आला."

"कितलामा?"

"आठातच."

"पन पयना ना?" ती म्हणाली आणि जिलबी आणायला निघाली. सगळ्या गल्लीत जिलबी वाटली. पलीकडच्या गल्लीत बातमी गेली की अक्काकडे पाळणा हलला. दोन बायका बारशाचं विचारायला आल्या. नाना डोक्याला हात लावून म्हणाले, "अक्का, शेवटून पहिला आला म्हणून कुणी जिलबी वाटतं का?" नाना स्वतः अमेरिकेच्या बाजूचे. पदकं मोजायला बरं पडतं, असं त्यांचं म्हणणं. अक्का म्हणाली, "त्यासले तुनी काय गरज शे, नाना? त्यास्ना घरनं वऱ्हाड बक्कळ शे."

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस शाळेत पत्र आलं. पुण्याला परदेशी संघांच्या मोठ्या स्पर्धा भरणार होत्या आणि संघांसोबत राहायला पीटीचे शिक्षक हवे होते. माझी निवड झाली. पुण्यात पहिल्याच बैठकीत कोण कुणाबरोबर ते ठरायचं होतं. सगळ्यांना मोठे देश हवे होते. त्यांचे ट्रॅकसूट मिळतात, बिल्ले मिळतात, फोटो येतात. बेटाचं नाव पुकारलं तेव्हा खोलीत सगळे आपापले फोन बघायला लागले. मी हात वर केला. दोंडाईच्याला परत जायचं होतं मला. अक्काला काय तोंड दाखवलं असतं?

तिला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "धाकलं वऱ्हाड शे. नीट दखजो." मोठ्या लढाईवर पाठवत असल्यासारखी.

बेटाची सहा माणसं यायची होती. आली दोन. वादळामुळे वाटेतलं एक विमान चुकलं आणि चौघं कुठल्याशा विमानतळावर अडकली. ती संचलन झाल्यावरच पोचणार होती. आलेल्यांत एक होते संघाचे व्यवस्थापक, टीव्हीवर दिसलेले तेच कोटातले काका, गुडघा सुजून भोपळा झालेला, काठीशिवाय उभं राहता येईना. आणि दुसरी ती पोरगी. एकोणीसेक वर्षांची, शंभर मीटर पळणारी. बेटावर धावपट्टी नव्हती. समुद्राकाठच्या रस्त्यावर ती पळायची आणि कुत्री मागे लागली की तिचा वेळ चांगला यायचा, असं तिने मला हसत हसत सांगितलं. गोड पोर. पण हसणं तेवढ्यापुरतंच. संचलनाचा विषय निघाला आणि तिचा चेहरा उतरला.

"मी एकटी चालणार नाही," ती म्हणाली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं चालायचं. "पुढचा देश तीनशे माणसांचा, मागचा दोनशेचा. मध्ये मी. लोकांना वाटेल, ही पोरगी चुकून आत शिरली."

काका समजावून थकले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बेटावर सगळी माणसं शाळेच्या हॉलमध्ये एकत्र जमून संचलन बघणार आहेत, तिची आई पहिल्या रांगेत. संयोजक म्हणाले होते, खेळाडू नसेल तर आमचा एखादा स्वयंसेवक झेंडा घेऊन चालेल, नियमात बसतं. आता दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कळवायचं होतं. काका म्हणाले, "झेंडा तर जाईल. पण झेंड्याखाली आमचं कुणी नसेल."

मी अक्काला फोन लावला. उपाय विचारायला नव्हे, नुसतं कुणाजवळ तरी चरफडायला. मागे डंक धाड धाड चालू होता. मी सगळं सांगितलं. पोरगी एकटी चालायला तयार नाही, असं म्हणाले आणि डंक थांबला. गिऱ्हाईक समोर असताना अक्का फोनसाठी डंक कधीच थांबवत नसे. मला वाटलं लाइन कट झाली.

"अक्का?"

"शे मी," ती म्हणाली. आणि मग तिने मला ते सांगितलं. इतकी वर्षं तिच्या घरात राहूनही मला ते ठाऊक नव्हतं, नानांना ठाऊक नव्हतं, बहुतेक तिच्या नवऱ्यालाही तिने सांगितलं नसावं.

तिचं माहेर साक्रीकडचं, डोंगरातलं लहानसं गाव. ती सातवीत असताना गुरुजींनी तिला धुळ्याला जिल्ह्याच्या खेळांना नेलं. सगळ्या शाळेतून ती एकटीच. फार जोरात पळायची. गुरुजींनी स्वतःच्या मुलाचे कॅनव्हासचे बूट तिला घालायला दिले होते, खडू लावून. आधी संचलन होतं. शहरातल्या शाळांच्या रांगाच्या रांगा, बँडबाजा, आणि त्यांच्यामागे शाळेची पाटी हातात घेऊन ही एकटी. मैदानाच्या पहिल्या वळणावर कुंपणापाशी माणसं बसली होती. त्यातला एक जण ओरडला, "नवरी तर आली, वऱ्हाड कुठंय?" सगळं कुंपण हसलं.

"मंग?" मी विचारलं. माझ्याही तोंडात तिची बोली आली.

"मंग काय? वळनवरथून मी भाहेर निंघी गयी. पाटी भितले टेकाडी आनि गाडीमा बठी." ती म्हणाली. "गुरुजी काहीच नही बोलनात. बूट बी परत नही मांगात. पन मी कधी पयनी नही."

मला रडू आलं. मी पीटीची बाई, मला रडताना शाळेत कुणी पाहिलेलं नाही. मी त्या पुण्याच्या व्हरांड्यात ढसाढसा रडले.

अक्का मात्र पुढच्या मिनिटाला आपल्या नेहमीच्या आवाजात आली होती. "मास्तरीन, डोया पुस. तिले सांग, एक दिवस थांब. वऱ्हाड येई ऱ्हायनं."

मी म्हटलं, "अक्का, अगं बाहेरच्यांना आत चालू देत नाहीत! कडक बंदोबस्त असतो!"

"आम्ही कोठे चालतस? आम्ही बठसूत. तू बठानी जागा कर." आणि फोन ठेवला.

जागा करायला मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. मोठ्या देशांबरोबरच्या शिक्षकांकडचे वरच्या गॅलरीचे पास मागून घेतले, दोघांशी भांडले, एकाला दोंडाईच्याची मिरची कबूल केली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खेळाडूंच्या वस्तीच्या फाटकासमोर एक मिनीबस येऊन थांबली. लग्नाच्या सीझनला आमच्या गल्लीत फिरते तीच. पुढच्या काचेवर आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूची माळ.

त्यातून गल्ली उतरली. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पुरुष टॉवेल-टोपीत. नानांनी फेटा बांधला होता. त्यांच्या हातात रंगीत कागदात गुंडाळलेला स्टीलचा डबा. मी म्हटलं, "नाना, हे काय?" तर म्हणाले, "आहेर. वऱ्हाडात रिकाम्या हातानं जातं का कुणी?" सगळ्यात शेवटी अक्का उतरली, बूट ताजे पांढरे.

सुरक्षारक्षक काही त्यांना आत सोडेना. त्याचंही बरोबर होतं. मी पोरीला फाटकापाशी घेऊन आले. एवढे फेटे-टोप्या बघून ती दचकली. मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "तुझ्याकडचे."

"माझ्याकडून कुणी आलेलं नाही."

"हे आलेत."

अक्काने फाटकाच्या गजांतून आधी तिचे बूट बघितले. मग तोंड. मग दोन्ही हात गजांतून आत घालून पोरीच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पोरगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, तुला कुणाची नजर लागू नये म्हणून. तेवढ्यात मागून भाकरी-ठेच्याची पुरचुंडी पुढे आली आणि मी ओरडले, "अहो, तिला परवा पळायचंय! ठेचा कसला देताय!"

अक्का तिकडे बघतही नव्हती. तिने पोरीचा हात धरला. म्हणाली, "माले नही चालता उनं. तू चाल, माय."

मी भाषांतर केलं, मला चालता आलं नाही, तू चाल. धुळ्याचं मैदान, ते कुंपण, ते वळण, सगळं सांगितलं. पोरीने अक्काच्या बुटांकडे बघितलं, मला विचारलं, "हेच का ते?" मी म्हटलं, तसलेच. नाना मध्येच म्हणाले, "आहेर द्या रे तिला," आणि डबा गजांतून जाईना. आडवा केला, उभा केला. शेवटी त्या सुरक्षारक्षकानेच फाटक जरासं उघडून डबा आत घेतला. पोरगी हसली. संध्याकाळी काका संयोजकांना सांगून आले की झेंडा आमचीच मुलगी नेईल.

दुसऱ्या दिवशी संचलनाच्या वेळी मी तिच्याबरोबर आतल्या बोळात उभी होते. बाहेरचं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. एक मोठा देश गेला, टाळ्या झाल्या. मग आमच्या आधीच्यांतला एक चिमुकला देश गेला, तीन माणसांचा, आणि बाहेर एकच कल्ला उठला. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! "आली रे आली!" हा नानांचा आवाज मी हजारांत ओळखला असता. मी कपाळावर हात मारला. आमची पोरगी अजून आतच होती. गल्लीने भलत्याच देशाचं वऱ्हाड धरलं होतं! एवढ्या वरून पाटी कोणाला वाचता येणार? त्या देशाचे कपडेही निळे, आमच्यासारखेच. तिघं बिचारे दचकून थांबले म्हणे, मग त्यांच्या झेंडेवाल्याने कमरेत वाकून नमस्कार केला.

नंतर कळलं, कुणीतरी फोनमध्ये बघून चूक सांगितल्यावर वर मोठी चर्चा झाली. नाना म्हणाले, आता नीट ओळख पटल्याशिवाय उठायचं नाही. अक्का म्हणाली, काही नको, थोडी माणसं दिसली की उठायचं, कोणाचं का असेना. मग तोच नियम. आणखी एक लहान देश आला, गल्ली उठली. आणखी एक आला, या वेळी शेजारची कॉलेजची पोरंही उठली, त्यांना वाटलं ही इथली पद्धतच आहे. लहान देश दिसला की तो सगळा बाजूचा भाग उभा राहायला लागला. आत बोळात पोरीने मला विचारलं, "हा ओरडा कोणासाठी चाललाय?"

मी म्हटलं, "ज्यांच्याबरोबर माणसं कमी आहेत, त्यांच्यासाठी."

पुढचा तीनशे माणसांचा देश बाहेर पडला, तिने झेंडा नीट धरला आणि ती गेली.

मी धावत कडेला येऊन पाहिलं. एवढं मोठं मैदान, आणि त्यात ती एकटी. पहिल्या सरळ पट्टीवर तिची मान खाली होती. वळण आलं तशी तिची चाल मंद झाली. मग वर तो सगळा भाग उठला. टॉवेल हवेत गरागरा फिरायला लागले, गल्ली, कॉलेजची पोरं, पोलीससुद्धा. तिने वर बघितलं. मान वर झाली, झेंडा वर झाला, आणि ती ते वळण अशी चालली, की तिच्या मागे खरंच शंभर माणसं असावीत. मी गळा फुटेस्तोवर ओरडत होते. इतका अभिमान मला स्वतःच्या पदकाचाही कधी वाटला नाही.

संचलनाच्या दुसऱ्या दिवशी ती पळाली. आठांत सातवी आली. दोंडाईच्यात जिलबीवाल्याने आधीच कढई तापवून ठेवली होती.

अक्का आता नाही. डंक तिच्या पुतण्याने घेतला, टीव्ही नवा आणला. पण संचलनाच्या दिवशी डंक अजून बंद असतो आणि तीन-चार माणसांचा देश आला की गल्ली अजून उठते. कशासाठी, हे नवीन भाडेकरूंना नाना सांगतात, थोडी मीठमिरची लावून. माझी बदली झाली, तरी तो दिवस मी चुकवत नाही.

त्या पुण्याच्या दिवसाचं एक चित्रण माझ्या फोनमध्ये आहे, कॉलेजच्या एका पोराने काढलेलं. त्याला वळणावरची झेंडेवाली काढायची होती, पण समोर एवढे टॉवेल फिरत होते की त्याला ती दिसेना. म्हणून त्याने फोन शेजारी वळवला. तिथे अक्का आहे. सगळे नाचताहेत, ओरडताहेत, ती ओरडत नाहीये. टाळ्याही वाजवत नाहीये. हात बाजूला ताठ, मान सरळ, नजर मैदानावर. दोन खुर्च्यांच्या मधल्या वीतभर जागेत तिचे ते पांढरे बूट चाललेत, डावा, उजवा, डावा, उजवा. पोरगी ते वळण पार करेपर्यंत चाललेत. मी रोज पोरांकडून कदमताल करून घेते, चूक मला लगेच दिसते. अक्काचं एकही पाऊल चुकलेलं नाही.

मग पोरगी वळून पुढे जाते, आणि अक्का थांबते. शेजारी नाना आहेत, त्यांच्याकडे वळून ती काहीतरी म्हणते. गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून मी पुढे नानांना विचारलं.

नाना म्हणाले, "चालनू रे मी, असं म्हणाली."

मी म्हटलं, "नाना, 'चालनू' म्हणजे चाललो, ते तुम्ही म्हणाल. ती 'चालनी' म्हणाली असेल."

"तेच ते," नाना म्हणाले आणि खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसायला लागले.